‘ब्लाफ्ट’ची पुस्तके: तमिळ टपरीवरचा ऐवज, आणि त्यातले नेमके काय घ्यावे

‘द ब्लाफ्ट अँथॉलॉजी ऑफ तमिळ पल्प फिक्शन’चा, म्हणजे टपरीवरच्या स्वस्त तमिळ कथा-कादंबऱ्यांच्या इंग्रजी भाषांतरांचा, पहिला खंड २००८ साली आला. मुखपृष्ठावर पिस्तूल घेतलेली बाई, आणि रंग असे की एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर लांबून नजरेत भरावेत. आत मात्र प्रस्तावना, प्रत्येक लेखकाची ओळख, काही लेखकांशी प्रश्नोत्तरे, जुन्या मुखपृष्ठांची चित्रे. म्हणजे बाहेर तमाशाचा फड आणि आत ग्रंथालयाची शिस्त. ही दोन टोके एकाच बांधणीत बसवणे हेच चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ या छोट्या प्रकाशनाचे काम. त्यांची बरीवाईट सगळी पुस्तके दोन प्रश्नांवर तपासता येतात: मूळचा भडकपणा घासूनपुसून सभ्य केला नाही ना, आणि तो भडकपणा कुठून आला हे वाचकाला सांगितले का?

प्रकाशन उभे केले राकेश खन्ना, रश्मी रूथ देवदासन आणि कावेरी लालचंद या तिघांनी. खन्ना कॅलिफोर्नियात वाढलेले, तमिळ वाचता न येणारे. टपऱ्यांवर टांगलेल्या मासिक कादंबऱ्यांची मुखपृष्ठे पाहून आत काय असेल याचे कुतूहल वाटणे, ही या खंडामागची प्रेरणा. निवड आणि भाषांतर मात्र प्रीतम के. चक्रवर्ती यांचे. त्या रंगभूमीवरच्या कलावंत, आणि ते संवादांत जाणवते. वाक्ये इंग्रजी असली तरी भांडणाचा, आर्जवाचा, धमकीचा ताल तमिळ घरातला आहे. भाषा न येणारा संपादक आणि भाषेत मुरलेली भाषांतरकार ही जोडी जमली, कारण एकाला सगळेच विचित्र वाटते आणि दुसरीला त्यातले काय रोजचे आहे ते माहीत असते. तळटीप कुठे द्यायची आणि कुठे नाही, हे अशा जोडीलाच नेमके कळते.

पहिल्या खंडात दहा लेखक आणि सतरा कथा. राजेशकुमार हे कोइंबतूरचे. यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या कितीतरी पुढे आहे. ‘शुभा’ या नावामागे सुरेश आणि बालकृष्णन असे दोन पुरुष. पुढे त्यांनी तमिळ चित्रपटांचे लेखनही केले. पट्टुकोट्टै प्रभाकर यांची भरत-सुशीला ही गुप्तहेर जोडी, इंद्रा सौंदरराजन यांच्या पुनर्जन्म आणि शापांच्या कथा, तमिळवाणन यांचा शंकरलाल, पुष्पा तंगदुरै, विद्या सुब्रमण्यम, आणि रमणीचंद्रन. या शेवटच्या बाई निव्वळ प्रेमकथा लिहितात. पिस्तूलवाल्या मुखपृष्ठाखाली त्या कशाला, असे पहिल्यांदा वाटते. पण टपरीवर खुनाची आणि लग्नाची कादंबरी शेजारीशेजारीच टांगलेली असते आणि घरात त्या दोन्ही एकच माणूस वाचत असते. त्यांना वगळले असते तर संग्रह फक्त पुरुषी खिशातला झाला असता. सुजाता (एस. रंगराजन) मात्र नाहीत. तमिळ रहस्य-विज्ञानकथांत त्यांचे नाव सगळ्यांत मोठे, त्यामुळे ती जागा रिकामी दिसते.

कथांचा दर्जा सारखा नाही, आणि तो नसणारच. हे माल म्हणून समजून घेतले तरच कळते. पल्प म्हणजे लगदा. लाकडाच्या कच्च्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातले लिग्निन उन्हाहवेने काळवंडते, म्हणून काही महिन्यांतच पाने पिवळी आणि वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ. पुस्तक टिकावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. लेखकाला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेल्या फर्म्यांत (छापील कागदाला घड्या घालून होणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत) बसेल एवढा मजकूर द्यायचा असतो. सोळा पानांचा फर्मा धरला तर सहा फर्म्यांची ९६ पाने होतात. गोष्ट ९० पानांत संपली तर उरलेली पाने जाहिराती, वाचकांची पत्रे आणि पुढच्या महिन्याची झलक यांनी भरता येतात. गोष्ट १०५ वर गेली तर सातवा फर्मा परवडत नाही. मग शेवटची तीन प्रकरणे एकात कोंबली जातात, इन्स्पेक्टर उभ्याउभ्या सगळा उलगडा करतो, आणि खलनायक एका परिच्छेदात गारद होतो. मराठी वाचकाला हे नवीन नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड याच घाईत वाढले, आणि गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्या पॉकेटबुकांतही शेवटच्या दहा पानांत गाडी उतारावर सुटल्यासारखी धावते.

म्हणून ब्लाफ्टचा खंड वाचताना शेवटाकडे लक्ष लावून बसू नये. माल सुरुवातीला आणि मध्यात आहे. राजेशकुमारांचे पहिले प्रकरण बघा. काहीतरी साधे घरगुती चाललेले असते, दाराची बेल वाजते किंवा फोन येतो, आणि प्रकरण अशा वाक्यावर तुटते की पान उलटलेच पाहिजे. हे कसब आहे, आणि ते भाषांतरात उतरले आहे. शुभांची ‘हरिकेन वैज’ वेगासाठी वाचावी. तमिळवाणनांची ‘टोकियो रोझ’ जुन्या धाटणीची. शंकरलाल परदेशात जातो तेव्हा लेखकाने ते शहर माहितीपत्रकांतून उभे केल्यासारखे वाटते, आणि तीच त्यातली गंमत. पुष्पा तंगदुरै यांची ‘माय नेम इज कमला’ हलकीफुलकी समजून उघडू नका. वेश्यावस्तीत अडकलेल्या मुलीची ती गोष्ट आहे, आणि त्यात कणव आणि चाळवाचाळव यांतली रेघ लेखकाने बऱ्याचदा पुसली आहे. संपादकांनी ती तशीच ठेवली, हे बरोबर केले. सौम्य केली असती तर त्या काळच्या वाचकाला नक्की काय विकले जात होते, ते दिसलेच नसते.

आता एक व्यावहारिक गोष्ट. हा खंड सलग वाचू नये. रोज एक कथा, फार तर दोन. सतरा कथा तीन दिवसांत संपवल्या की चौथ्या गुप्तहेरापासून सगळे एकसारखे वाटू लागतात आणि दोष कथांवर जातो. मुळात या कथा महिन्याच्या अंतराने वाचायच्या होत्या. मधे संसार, नोकरी, गर्दीची बस असे सगळे होते. क्रमही पुस्तकातला पाळायची गरज नाही. आधी लेखकाची ओळख आणि मुलाखत असेल तर ती, मग गोष्ट. तेव्हा ‘हे असे का लिहिले’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मिळून जाते.

दुसरा खंड २०१० चा. त्यात कमी पण लांब मजकूर आहे, आणि पहिल्या खंडाची मोठी त्रुटी तिथे भरून निघते. छोट्या कथेत पल्पचा श्वास पुरत नाही, कादंबरीत पुरतो. इंद्रा सौंदरराजन यांची ‘द पॅलेस ऑफ कोट्टैपुरम’ ही या सगळ्या मालिकेतली सगळ्यांत रंगलेली गोष्ट. राजघराणे, शाप, वारसांचे मृत्यू, आणि त्यात शिकलेसवरलेले, शंका घेणारे एक पात्र. नारायण धारपांच्या वाचकाला वातावरण ओळखीचे वाटेल, पण एक फरक आहे. धारपांच्या कथेत अमानवी शक्ती शेवटी खरी निघते आणि समर्थ किंवा जयदेव तिचा बंदोबस्त करतात. सौंदरराजन देवळाच्या पायरीवर आणि पोलिस चौकीत असे दोन्हीकडे पाय ठेवून चालतात. गोष्ट कुठल्या बाजूला कलणार याचा अंदाज शेवटपर्यंत येऊ देत नाहीत. राजेशकुमारांची ‘हॅलो, गुड डेड मॉर्निंग!’ याच खंडात आहे; नावावरूनच चव कळते. एकच खंड घ्यायचा असेल तर लोक पहिला सुचवतात. पण धारप, मतकरी वाचून तयार झालेल्या वाचकाने दुसऱ्यापासून सुरुवात करावी. पहिला खंड या धंद्याची तोंडओळख करून देतो, पण वाचनाचा आनंद दुसऱ्यात जास्त मिळतो. तिसरा खंड २०१७ चा, आणि तो ज्याला पहिले दोन आवडले त्याच्यासाठी. गुजराती पल्पचा खंड (२०१२) त्या मानाने फिका. धंद्याची माहिती आहे, पण भाषांतराला तमिळ खंडांसारखी बोलीची धार नाही.

हिंदी-उर्दूकडे वळले की मराठी वाचकाने थोडा हिशेब करावा. हिंदी रहस्यकथाकार सुरेंद्र मोहन पाठक यांच्या विमल या नायकाच्या मालिकेतली ‘पैंसठ लाख की डकैती’ ब्लाफ्टने २००९ मध्ये सुदर्शन पुरोहित यांच्या भाषांतरात ‘द ६५ लाख हाइस्ट’ म्हणून आणली. भाषांतर चोख आहे, गती राखली आहे. पण हिंदी वाचता येते त्याने इंग्रजीतून विमल वाचणे म्हणजे वडापाव काटाचमच्याने खाणे. पाठकांची खरी ताकद त्यांच्या पंजाबी वळणाच्या हिंदी संवादांत आहे, आणि मूळ पुस्तके रेल्वे स्टेशनवर मिळतात. इंग्रजी आवृत्ती परदेशात वाढलेल्या भाच्यापुतण्यांना द्यायला ठीक.

उर्दू रहस्यकथाकार इब्न-ए-सफी यांचे मात्र उलटे. मूळ उर्दू नस्तालीकमध्ये, ती लिपी आपल्यापैकी बहुतेकांना येत नाही. जुन्या हिंदी आवृत्त्या देवनागरीत होत्या, पण त्यांत नायक फरीदीचे नावच बदलून ‘विनोद’ केलेले. ब्लाफ्टने २०११ मध्ये ‘जासूसी दुनिया’ या त्यांच्या मालिकेतल्या चार कादंबऱ्या इंग्रजीत काढल्या: ‘पॉइझन्ड अ‍ॅरो’, ‘स्मोकवॉटर’, ‘द लाफिंग कॉर्प्स’, ‘डॉक्टर ड्रेड’. भाषांतरकार शम्सुर्रहमान फारूकी, म्हणजे उर्दूतले अव्वल समीक्षक. मराठीत हे कसे दिसले असते याची कल्पना करा: एखाद्या नामवंत विद्यापीठीय समीक्षकाने बाह्या सरसावून अर्नाळकरांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या असत्या तर! फारूकींनी ते काम खालच्या पायरीवर उतरून केलेले नाही. विनोद विनोदासारखा आणि मारामारी मारामारीसारखी ठेवली आहे. ही चार पुस्तके वर दिलेल्या क्रमानेच वाचावीत. डॉक्टर ड्रेड नावाच्या अमेरिकी खलनायकाचा धागा त्यांतून पुढे सरकतो. मधूनच उचलले तर कर्नल फरीदीला एवढा राग का येतो तेच कळणार नाही. पुस्तके बारीक आहेत, एक पुस्तक मुंबई-पुणे प्रवासात होते.

इथपर्यंतचा माल विचित्र असला तरी ओळखीचा आहे. ब्लाफ्टचे खरे काठावरचे पुस्तक म्हणजे तमिळ लेखक चारु निवेदिता यांची ‘झीरो डिग्री’. मूळ तमिळ १९९८, इंग्रजी २००८, भाषांतर प्रीतम चक्रवर्ती आणि राकेश खन्ना यांचे. याला कादंबरी म्हणायचे ते सोयीसाठी. फोनवरची अश्लील संभाषणे, छळाची वर्णने, कविता, पुराण, अंकशास्त्र, मुलीला उद्देशून लिहिलेला हळवा मजकूर, सगळे एकावर एक रचलेले.

त्यात एक नियम आहे, आणि तो वाचताना स्वतः तपासून बघण्यात मजा आहे. पुस्तकात येणाऱ्या कुठल्याही आकड्याची बेरीज केली तर ती नऊवर येते. दोन प्रकरणे तेवढी अपवाद. समजा मजकुरात १५३ आला: १+५+३, नऊ. चालतो. १६० आला तर बेरीज सात, म्हणून तो आकडा पुस्तकात येऊच शकत नाही. मूळ पुस्तकाचे साल बघा: १+९+९+८ म्हणजे २७, आणि २+७ म्हणजे नऊ. इंग्रजीचे साल २००८ मात्र नियमात बसत नाही. बेरीज दहा, म्हणजे एक. आणि तो ‘एक’च तर या पुस्तकात वर्ज्य. तमिळमध्ये ‘ओरु’ हा शब्द संख्याही आहे आणि ‘कुणीतरी, कोणतातरी’ अशा अर्थानेही येतो. तो टाळून कादंबरी लिहायची म्हणजे काय, हे मराठी माणसाला इंग्रजी वाचकापेक्षा चटकन कळेल. आपलाही ‘एक’ तसाच दुहेरी आहे. ‘एक होता राजा’ म्हणता येणार नाही, ‘एक माणूस आला’ नाही, ‘एकदा काय झाले’ नाही, ‘एकमेकांना’ नाही, ‘एकटा’सुद्धा नाही. इंग्रजी भाषांतरकारांनी ‘वन’ या शब्दावरची बंदी पाळली आहे. पण इंग्रजीला ‘अ’ हे उपपद आयतेच आहे, तिथे त्यांना सूट मिळाली. मराठीत कोणी हे पुस्तक नेले तर त्याला मूळ लेखकाइतकेच झगडावे लागेल.

पुस्तक आवडेल का, ते सांगता येत नाही. यातली लैंगिक हिंसा अंगावर येते आणि प्रत्येक ठिकाणी ती गरजेची आहे असे मानायचे कारण नाही. काही पाने निव्वळ चिडवायला लिहिलेली आहेत. लघुअनियतकालिकांच्या काळातले मराठी गद्य ज्यांनी वाचले आहे त्यांना हा पवित्रा माहीत आहे: आधी वाचकाच्या तोंडावर दार आपटायचे, मग खिडकीतून हाक मारायची. पहिली चाळीस पाने वाचून बघा. तिथवर एकदाही हसू आले नाही तर ठेवून द्या, पुढेही येणार नाही.

त्यापेक्षा शांत आणि दीर्घकाळ टिकणारे विचित्रपण हवे असेल तर कुळली माणिकवेल यांचा कथासंग्रह घ्या. नाव लांबलचक: ‘इन्सेक्ट्स आर जस्ट लाइक यू अँड मी एक्सेप्ट सम ऑफ देम हॅव विंग्ज’, २००८. हे भाषांतर नाही, मूळ इंग्रजी लेखन आहे. कथा छोट्या, बहुतेक दोन-चार पानी, मधे किड्यांची चित्रे. पात्रे दाक्षिणात्य लहान गावातली. काहीतरी अशक्य घडते आणि त्याची दखल कोणी घेत नाही. जी. एं.च्या कथेत अद्भुत आले की सगळा आसमंत गंभीर होतो. इथे ते स्वयंपाकघरात झुरळ दिसावे तसे दिसते आणि नाहीसे होते. यातल्या कथा दोनदा वाचाव्या लागतात. पहिल्या वाचनात ‘एवढेच?’ वाटते. तो दोष वाचनाच्या वेगाचा आहे, वृत्तपत्राच्या वेगाने वाचले की या कथा बोटांतून निसटतात. दुसरा संग्रह ‘थिंग्ज वी फाउंड ड्युरिंग द ऑटॉप्सी’ (२०१४) जास्त काळा आणि जास्त विनोदी. आधी किड्यांचा, मग हा.

की. राजनारायणन यांनी जमवलेल्या लोककथांचे पुस्तक (‘व्हेअर आर यू गोइंग, यू मंकीज?’, २००९) पल्प नाही, पण याच प्रकाशनाला शोभेल असे. करिसल म्हणजे तमिळनाडूतल्या कापसाच्या काळ्या जमिनीचा मुलूख. तिथल्या भुतांच्या, जावयांच्या, देवांच्या फजितीच्या गोष्टी. चावट कथांचा वेगळा भाग आहे आणि तो खरोखर चावट आहे, शाळेच्या ग्रंथालयासाठी घेणाऱ्यांनी आधी चाळावे. आपल्याकडे लोककथांची पुस्तके छापताना असल्या गोष्टी बहुधा संकलकाच्या वहीतच राहतात.

‘घोस्ट्स, मॉन्स्टर्स अँड डीमन्स ऑफ इंडिया’ हा राकेश खन्ना आणि जे. फर्सिफर भैरव यांचा भूतकोश २०२० चा. इंग्रजी वर्णानुक्रमाने देशभरातली भुते, राक्षस, जलपिशाच्चे, सोबत चित्रे. हे पुस्तक सलग वाचायचे नाही. उशाशी ठेवून रोज तीन नोंदी, एवढा खुराक पुरे. कोकणातल्या माणसाने आधी आपला गिऱ्हा, मुंज्या, हडळ, झोटिंग यांचे भाऊबंद शोधावेत. पाण्यात ओढून नेणारे, पिंपळावर बसणारे, उलट्या पायांचे असे प्रकार देशात कुठेकुठे आहेत ते कळले की आपले भूत एकटे राहत नाही. शोधताना एक अडचण येते ती रोमन लिपीची. ‘ळ’, ‘ड’ यांना रोमनमध्ये वेगळे अक्षर नाही, त्यामुळे एखादे नाव मिळाले नाही तर ‘एल’, ‘डी’ आणि ‘आर’ अशी तिन्ही रूपे बघावीत. संदर्भग्रंथ म्हणून घेणाऱ्यांसाठी सांगायचे तर, लोकांत फिरणारी आख्यायिका आणि ग्रंथातला उल्लेख यांचे वजन सारखे नसते, हे भान नोंद वाचताना ठेवावे लागते. गप्पांसाठी घेणाऱ्यांना हे पुस्तक वर्षभर पुरेल.

चित्रांच्या पुस्तकांत ‘कुमारी लव्ह्ज अ मॉन्स्टर’ (२०१०) ही निव्वळ चैन. रश्मी रूथ देवदासन यांचा मजकूर आणि श्याम यांची चित्रे. परकर-दावणीतल्या (परकरावर अर्धी साडी), गजरा माळलेल्या मुली आणि त्यांचे राक्षसी प्रियकर. श्याम हे तमिळ मासिकांच्या मुखपृष्ठांचे जुने चित्रकार, पहिल्या खंडाची पिस्तूलवालीही त्यांचीच. दहा मिनिटांत वाचून होते, भेट द्यायला उत्तम. ‘स्टुपिड गाय गोज टु इंडिया’ हे युकिची यामामात्सु यांचे जपानी चित्रकथेतले आत्मकथन त्याहून महत्त्वाचे. हा गृहस्थ हिंदी किंवा इंग्रजी न येता दिल्लीत येतो, सामुराईची चित्रकथा हिंदीत भाषांतर करून घेतो, छापून घेतो आणि रस्त्यावर बसून विकायला लागतो. भाषांतरकार, छापखाना, कागद, गिऱ्हाईक, हाकलणारे लोक: स्वतःच्या खिशातून पुस्तक काढणाऱ्याचे सगळे भोग त्यात आहेत. कविता स्वखर्चाने छापून प्रकाशन समारंभात भजी वाटणाऱ्या मराठी कवींनी जरूर वाचावे. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे, चौकटीही उजव्या कोपऱ्यातून. पहिल्या पाचसहा पानांत डोळे गोंधळतात, मग सवय होते.

२०२४ चे ‘द ब्लाफ्ट बुक ऑफ अँटी-कास्ट एसएफ’ वेगळ्या तयारीने उघडावे. आर. टी. सॅम्युअल, राकेश के. आणि रश्मी आर. डी. यांचे संपादन. जातीच्या विरोधात उभी राहणारी विज्ञान-कल्पनाकथा, ही कल्पनाच मराठी वाचकाला थोडी थांबायला लावते. आपल्याकडे दलित साहित्याचे बळ आत्मकथन, कथा आणि कवितेत एकवटले. जे भोगले ते सांगणे हाच त्याचा अधिकार मानला गेला. विज्ञानकथा त्याच काळात प्रयोगशाळेत आणि अवकाशात रमली होती आणि तिच्यातल्या शास्त्रज्ञांची आडनावे ठरावीक असायची. हे पुस्तक त्या दोन खोल्यांमधली भिंत पाडते. संग्रह म्हणून तो उंचसखल आहे. काही कथा घोषणेपाशी थांबतात आणि जग उभे करायचे विसरतात. पण जिथे जमते तिथे यंत्र, प्रयोग, परग्रह हे सगळे शिवाशिवीच्या नियमांनी कसे चालेल याचा बारीक विचार केलेला दिसतो, आणि मग ती कथा डोक्यातून जात नाही. ब्लाफ्टच्या यादीत मराठीत यावे असे पहिले पुस्तक कुठले विचाराल, तर हे.

घेण्याबद्दल. सगळी पुस्तके सगळा वेळ उपलब्ध नसतात. छोट्या प्रकाशकाची आवृत्ती संपली की पुढची कधी निघेल ते हातातल्या पैशांवर ठरते. आधी प्रकाशनाचे संकेतस्थळ बघावे, नसेल तर ई-पुस्तक, आणि अगदीच नसेल तर जुन्या पुस्तकांचे विक्रेते. ई-पुस्तक पाठक आणि इब्न-ए-सफी यांच्यासाठी पुरेसे, तिथे फक्त मजकूर आहे. तमिळ खंडांची मुखपृष्ठे, भूतकोश आणि चित्रकथा राखाडी पडद्याच्या वाचनयंत्रावर वाया जातात.

जुनी प्रत घेताना खंड क्रमांक नीट विचारून घ्या. तिन्ही खंडांची नावे सारखीच, ऑनलाइन यादीत चित्र एका खंडाचे आणि वर्णन दुसऱ्याचे असे सर्रास घडते. कण्याचा आणि मधल्या पानांचा फोटो मागवा. जाड पुस्तके डिंकाच्या बांधणीची असली की कोणीतरी ती पालथी घालून ठेवलेली असतात, कणा मधोमध तडकतो आणि नेमकी तिथलीच पाने सुटतात. चित्रांचे पान निघालेले नाही ना, हेही बघा. असली पाने कापून भिंतीवर लावणारे रसिक असतात. नवी प्रत आली तर ती एकदम मधोमध उघडून दाबू नये. पुस्तक कण्यावर उभे धरावे, पुढची दहाबारा पाने खाली दाबावीत, मग मागची दहाबारा, असे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत यावे. पाच मिनिटांचे काम आहे, बांधणी वर्षानुवर्षे टिकते. पावसाळ्यात किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पुस्तके भिंतीला टेकवून ठेवू नयेत, मागे बोटभर हवा हवी.

या यादीत तमिळ आहे, गुजराती आहे, हिंदी-उर्दू आहे. मराठी पल्पचा खंड नाही, आणि त्याचा दोष चेन्नईला देता येत नाही. असा खंड करायचा तर आधी मूळ प्रती लागतात, आणि त्या जिथे उरल्या आहेत तिथे, म्हणजे गावोगावच्या वाचनालयांत, पुस्तक आले की पहिल्याच वर्षी मुखपृष्ठ काढून टाकायचे, खाकी पुठ्ठा चढवायचा आणि पाठीवर शाईने दाखल क्रमांक घालायचा, असा आपला रिवाज. झुंजारच्या गोष्टी कदाचित अजून सापडतील. चित्रकाराचे नाव आणि त्याची पिस्तूलवाली बाई त्या काढून टाकलेल्या कागदाबरोबर रद्दीत गेली.